नोंदवहीतला दमा आणि हवेतला धूर

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या हवेबद्दल जे काही छापून येते त्यात एक वाक्य बहुधा ठरलेले असते. श्वसनविकारांचे रुग्ण गेल्या वर्षीपेक्षा अमुक टक्क्यांनी वाढले, हे ते वाक्य. पुढच्याच ओळीत कारखान्यांचा धूर, रस्त्यावरची धूळ किंवा कचऱ्याच्या आगीचा उल्लेख येतो आणि वाचकाच्या मनात दोन्ही गोष्टींची गाठ बसते. रुग्ण वाढले हे खरे असेल. हवा वाईट आहे हेही खरे असेल. पण पहिल्या गोष्टीवरून दुसरी सिद्ध होते का, हा निराळा प्रश्न आहे आणि तो सहसा विचारला जात नाही.

तो विचारण्याचे कारण केवळ तार्किक शिस्त हे नाही. रुग्णालयाच्या नोंदवहीतले आकडे, रक्ताच्या आणि छातीच्या नेहमीच्या तपासण्या यांच्या आधारे हवेचा धोका ठरवण्याची पद्धत आता सरकारी मोजमापातही शिरली आहे. तिच्यावर एखाद्या औद्योगिक वसाहतीचे भवितव्य काही अंशी अवलंबून असते आणि तिच्या कुंपणालगत राहणाऱ्या माणसांचेही. म्हणून या पद्धतीची तपासणी आम्ही येथे करणार आहोत. ती मोडीत काढावी असा आमचा हेतू नाही. ती जे सांगू शकते आणि जे सांगू शकत नाही, त्यांतली रेघ स्पष्ट व्हावी एवढाच आहे.

दहा गुणांची गोष्ट

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये दिल्लीच्या आय.आय.टी.च्या साह्याने देशातील ८८ औद्योगिक क्षेत्रांचा एक सर्वंकष निर्देशांक काढला. शंभरपैकी ७० किंवा अधिक गुण म्हणजे ‘अतिगंभीर प्रदूषित’. या यादीत ४३ क्षेत्रे आली. महाराष्ट्रात चंद्रपूर ८३.८८ गुणांनी पहिले होते आणि ७८.४१ गुणांनी डोंबिवली दुसरी. येथे अधिक गुण मिळणे ही शोभेची गोष्ट नाही, हे सांगायला नकोच. जानेवारी २०१० मध्ये या ४३ क्षेत्रांतील नव्या प्रकल्पांना पर्यावरण-मंजुरी देणे केंद्र सरकारने थांबवले. म्हणजे हा आकडा कागदावर राहणारा नव्हता.

२०१६ मध्ये मंडळाने निर्देशांकाची रीत बदलली. नव्या रीतीत हवा, पाणी आणि जमीन यांचे स्वतंत्र गुण काढतात आणि मग ते एकत्र करतात. प्रत्येकाचे शंभर गुण चार भागांत विभागलेले आहेत: प्रदूषणाच्या उगमाला ३०, प्रत्यक्ष मोजलेल्या प्रदूषणाला ५०, माणसांच्या आरोग्यावरील परिणामाला १० आणि नियमपालनाला १०. आपल्या चर्चेचा विषय आहे तो तिसरा भाग, आरोग्याचे दहा गुण.

हे दहा गुण कसे देतात? त्या भागातील तीन ते पाच मोठ्या रुग्णालयांकडून लागोपाठच्या दोन वर्षांतील रुग्णसंख्या घेतात. हवेसाठी दमा, तीव्र श्वसनसंसर्ग, श्वासनलिकादाह, कर्करोग असे आजार पाहिले जातात. रुग्णवाढ पाच टक्क्यांहून कमी असेल तर शून्य गुण, पाच ते दहा टक्के असेल तर पाच आणि दहा टक्क्यांहून अधिक असेल तर पूर्ण दहा.

यामागची कल्पना चांगली आहे, हे आधी मान्य करू. हवा नुसती उपकरणाच्या काट्यावर वाईट नसते. ती कोणाच्या तरी छातीत जाते. त्या छातीचा हिशेब निर्देशांकात धरावा असे कोणाला तरी वाटले, याचे स्वागतच केले पाहिजे. शिवाय ही माहिती आयती असते. नव्याने सर्वेक्षण करायला पैसा लागतो, माणसे लागतात. नोंदवही मात्र रोज लिहिली जातच असते. आमचे भांडण कल्पनेशी नाही, गणिताशी आहे.

छेद कुठे आहे?

पहिली हरकत अगदी प्राथमिक आहे. सातवीच्या वर्गात आपण शिकवतो की, अपूर्णांकाला अंश असतो तसा छेदही असतो. रुग्णसंख्या हा नुसता अंश आहे. किती लोकांमागे इतके रुग्ण, हे सांगितल्याशिवाय वाढ म्हणजे काय ते कळत नाही.

आपल्या भागात हा छेद किती निसरडा आहे पाहा. कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये स्थापन झाली. २००२ मध्ये तिच्यातून २७ गावे वगळली गेली आणि २०१५ मध्ये ती पुन्हा आत घेतली गेली. २००१ च्या जनगणनेत महापालिकेची लोकसंख्या सुमारे ११ लाख ९३ हजार होती. २०११ मध्ये ती सुमारे १२ लाख ४७ हजार भरली. नुसते हे दोन आकडे पाहणाऱ्याला वाटेल की, दहा वर्षांत येथे जेमतेम साडेचार टक्के माणसे वाढली. लोकलच्या डब्यात उभे राहिलेल्या कोणालाही हे पटणार नाही! खरी गोष्ट अशी की, मधल्या काळात हद्दच बदलली होती. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीचा निवासी विभागही २०१५ मध्ये या गावांबरोबरच महापालिकेत आला. म्हणजे ज्या माणसांबद्दल आपल्याला सर्वांत अधिक काळजी वाटायला हवी, तीच छेदात कधी असतात आणि कधी नसतात.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तीन रुग्णालयांत मिळून एका वर्षी दम्याचे १००० रुग्ण नोंदले गेले, पुढल्या वर्षी ११२०. वाढ बारा टक्के, म्हणून गुण दहापैकी दहा. पण त्या वर्षात आसपासची लोकसंख्या चार टक्क्यांनी वाढली असेल, तर हवा तशीच राहूनही ४० रुग्ण वाढणारच. त्यातच एका रुग्णालयाने आठवड्यातून दोन दिवस छातीच्या विकारांचा स्वतंत्र विभाग सुरू केला आणि पूर्वी खाजगी दवाखान्यात जाणारे ८० रुग्ण तिकडे वळले. चाळीस आणि ऐंशी मिळून एकशेवीस. वाढलेला प्रत्येक रुग्ण हवेशिवायच समजावून देता आला. येथे निर्देशांकाने प्रदूषण मोजलेले नाही. चांगली आरोग्यसेवा सुरू झाल्याची नोंद केली आहे आणि तिला वाईट गुण दिले आहेत.

योगायोगाचा वाटा

दुसरी हरकत संख्याशास्त्राची आहे. हवेत, लोकसंख्येत, रुग्णालयात काहीही बदल झाला नाही, तरी रुग्णांची संख्या दर वर्षी तंतोतंत तेवढीच राहत नाही. अशा मोजणीत नुसत्या योगायोगाने होणारा चढउतार ढोबळमानाने त्या संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो. वर्षाला सरासरी १०० रुग्ण येत असतील तर कधी ९०, कधी ११० येणे हे अगदी स्वाभाविक. दोन वर्षांची तुलना करताना दोन्ही वर्षांचे चढउतार एकत्र येतात आणि फरकाचा स्वाभाविक आवाका २०० च्या वर्गमुळाएवढा, म्हणजे सुमारे १४ होतो.

याचा अर्थ असा की, जेथे वर्षाला शंभरेक रुग्ण नोंदले जातात तेथे काहीही घडलेले नसताना साधारण चार वर्षांतून एकदा वाढ दहा टक्क्यांच्या पुढे जाईल आणि पूर्ण गुण पडतील. दहा टक्क्यांची वाढ योगायोगापासून बऱ्यापैकी ओळखू यायला वर्षाला निदान आठशे रुग्णांची नोंद हवी. आठशेच्या वेळी फरकाचा आवाका १६०० चे वर्गमूळ, म्हणजे ४० आणि दहा टक्के म्हणजे ८०, त्याच्या दुप्पट. विषाणूंच्या साथींमुळे श्वसनविकारांचे आकडे या हिशेबाहूनही अधिक हेलकावे खातात, ते वेगळेच. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना हे नाणेफेकीने वर्गातच दाखवता येईल.

वाढ की पातळी?

तिसरी हरकत आम्हाला सर्वांत गंभीर वाटते. या रीतीत मोजली जाते ती वाढ. आजाराची पातळी नव्हे. समजा, एका वस्तीत हजारी २० माणसांना दमा आहे आणि पुढल्या वर्षीही २०च आहेत. दुसऱ्या वस्तीत हजारी २ होते, ते २.३ झाले. पहिलीला शून्य गुण, दुसरीला दहा! जी वस्ती वर्षानुवर्षे तोच धूर खात आली आहे, तिचे दुखणे या मोजपट्टीवर उमटतच नाही. सवयीचा आजार म्हणजे आजार नाही, असा तिचा अर्थ होतो.

उलटेही होते. डोंबिवलीत २६ मे २०१६ रोजी प्रोबेस एंटरप्रायझेसमध्ये आणि २३ मे २०२४ रोजी अमुदान केमिकल्समध्ये भीषण स्फोट झाले. अशा घटनेच्या वर्षी रुग्णालयांचे आकडे चढले, तर पुढच्या वर्षी ते आपोआप उतरतील. स्फोटानंतरचे वर्ष मग कागदावर आरोग्याच्या सुधारणेचे वर्ष दिसेल. २०२० च्या टाळेबंदीतही असेच घडण्याजोगे होते. रहदारी आणि कारखाने थंडावले, हवा निवळली. त्याच वेळी बाह्यरुग्ण विभागात जायला माणसे घाबरू लागली आणि तोंडावर मुसकी चढली. त्या वर्षी दम्याचे रुग्ण कमी दिसले तर श्रेय कोणाला द्यायचे?

कर्करोगाचा या यादीतला समावेश तर मुळातच बुचकळ्यात टाकणारा आहे. श्वासावाटे जाणाऱ्या विषारी द्रव्यांमुळे होणारा कर्करोग प्रकट व्हायला बहुधा दहा, वीस, तीस वर्षे लागतात. लागोपाठच्या दोन वर्षांतील फरकावरून आजच्या हवेबद्दल तो काय सांगणार?

रुग्ण कोणाचा, हवा कोणती?

चौथी हरकत भूगोलाची. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात फक्त ठाणेकर येत नाहीत. मुंब्रा, दिवा आणि पलीकडच्या ग्रामीण भागांतूनही रुग्ण येतात. उलट डोंबिवलीचा रुग्ण शास्त्रीनगर रुग्णालयात जाईल, कल्याणला रुक्मिणीबाईत जाईल, खाजगी डॉक्टरकडे जाईल किंवा थेट मुंबईला केईएममध्ये. रुग्णालयाचा पत्ता म्हणजे रुग्णाचा पत्ता नव्हे.

आणि रुग्णाचा पत्ता म्हणजे तरी त्याने घेतलेली हवा असते का? डोंबिवलीतला नोकरदार सकाळी लोकल पकडतो आणि रात्री परततो. दिवसाचे दहा-बारा तास तो दुसऱ्याच शहराची हवा घेत असतो. घरी राहणाऱ्या बाया, शाळकरी मुले आणि म्हातारी माणसे मात्र तीच हवा दिवसभर घेतात. म्हणून ‘डोंबिवलीचे रुग्ण’ अशी एकच बेरीज करण्याऐवजी मुलांचे आणि वृद्धांचे आकडे वेगळे काढले, तर ते अधिक बोलके ठरतील. त्यातही घरातली चूल, विडी-सिगारेट, डासांची कॉइल यांचा धूर वेगळा काढावा लागतो, तो प्रश्न आहेच.

आणखी एक गोष्ट. हवा मोजणारी केंद्रे मुख्यतः धूलिकण, सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे मोजतात. डोंबिवलीकरांची तक्रार पुष्कळदा उग्र वासाची असते. २०१४ मध्ये पडलेला हिरवट पाऊस आणि फेब्रुवारी २०२० मध्ये गुलाबी झालेला रस्ता हे तर रसायनांचे उघड पुरावे होते. पण वास आणि विष यांचे नाते सरळ नसते. कुजक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड आपल्या नाकाला धोक्याच्या पातळीच्या कितीतरी खाली असतानाच कळतो. कार्बन मोनॉक्साइड मात्र जीव घेईपर्यंत कळत नाही. तेव्हा वास आला म्हणून दमा वाढला आणि वास गेला म्हणून हवा शुद्ध झाली, ही दोन्ही अनुमाने कच्चीच.

रक्ताची तपासणी काय सांगते?

रुग्णसंख्येऐवजी नेहमीच्या तपासण्यांचे निकाल वापरले तर? प्रयोगशाळांकडे ते हजारोंच्या संख्येने असतात आणि आता संगणकात असतात. डॉक्टरने काय निदान लिहिले यावर ते अवलंबून नसतात, हा मोठाच फायदा. कल्पना मोहक आहे, पण प्रत्येक तपासणीला एक प्रश्न विचारला पाहिजे: ही तपासणी आपले कारण सांगते का?

रक्तातले शिसे हे कारण सांगणाऱ्या तपासणीचे उत्तम उदाहरण. शिसे शरीर स्वतः तयार करत नाही. ते बाहेरूनच येते. अमेरिकेत १९७६ ते १९८० या काळात पेट्रोलमधले शिसे कमी होत गेले, तसतसे लोकांच्या रक्तातले शिसेही उतरत गेले आणि दोन आलेख जवळजवळ हातात हात घालून चालले. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. दुर्दैवाने ही तपासणी आपल्याकडे नेहमीची नाही.

नेहमीची आहे ती सीबीसी, रक्तपेशींची मोजणी. तिच्यातल्या इओसिनोफिल पेशी अॅलर्जीत आणि दम्यात वाढतात हे खरे. पण जंतांमुळेही त्या वाढतात आणि हत्तीरोगाच्या कृमींमुळे होणाऱ्या एका श्वसनविकारात तर त्या प्रचंड वाढतात. पावसाळ्यानंतर एखाद्या वस्तीत इओसिनोफिल वाढलेले दिसले, तर दोष हवेचा की पाण्याचा, हे तो आकडा सांगत नाही. हिमोग्लोबिनवर आहाराचा ठसा प्रदूषणापेक्षा कितीतरी ठळक असतो. श्वेतपेशी कोणत्याही संसर्गाने वाढतात. या तपासण्या ‘काहीतरी बिघडले आहे’ एवढे सांगतात. ‘कशाने’ ते सांगत नाहीत.

फुफ्फुसाची क्षमता मोजणारी स्पायरोमेट्री या कामाला अधिक जवळची. माणसाने जोराने फुंकलेली हवा पहिल्या सेकंदात किती बाहेर आली, याचे प्रमाण श्वासनलिका अरुंद झाल्या आहेत का ते दाखवते. पण ती करायची कोणाची? डॉक्टरला संशय आला त्याची, आणि परवडेल त्याची. येथेच या सगळ्या विदेची मेख आहे. प्रयोगशाळेत येणारा माणूस चिठ्ठ्या टाकून निवडलेला नसतो. एकतर तो आजारी असतो, नाहीतर कंपनीच्या खर्चाने ‘संपूर्ण तपासणी’ करून घेणारा धडधाकट नोकरदार असतो. वसाहतीलगतच्या चाळीत खोकणारी बाई या दोहोंतही नसते. शिवाय ज्यांना त्रास होतो ती माणसे जमेल तेव्हा नोकरी आणि घर दोन्ही बदलतात. मागे उरतात ते सोसू शकणारे. त्यांच्या तपासण्या करून हवा निर्दोष ठरवणे म्हणजे वर्गातली नापास मुले काढून टाकून निकाल शंभर टक्के लावण्यासारखे आहे.

मुंबईत १९७० च्या दशकाच्या अखेरीस केईएम रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रदूषण आणि आरोग्याचा जो अभ्यास केला, त्याचे मोल म्हणूनच मोठे. रुग्णालयात येणाऱ्यांवर विसंबून न राहता त्यांनी लालबाग, चेंबूर, खार आणि तुलनेसाठी एक ग्रामीण भाग निवडला आणि तेथल्या रहिवाशांची तपासणी केली. जो आजारी नाही त्यालाही तपासले तरच छेद हाती लागतो, हा त्याचा धडा आहे.

तरीही नोंदवही बोलते

इतक्या हरकतींनंतर वाचकाला वाटेल की, नोंदवही बंदच करावी. तसे मुळीच नाही. हवेच्या आरोग्यशास्त्रातले काही थोर शोध नेहमीच्या नोंदींतूनच लागले आहेत. फरक आहे तो प्रश्न विचारण्याच्या रीतीत.

डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस धुरकट धुके बसले. तेव्हाच्या हिशेबाने सुमारे चार हजार माणसे नेहमीपेक्षा अधिक मेली. हे कळले कशावरून? मृत्युनोंदणीवरून. त्यातूनच पुढे १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा झाला. येथे तुलना वर्षाची वर्षाशी नव्हती, दिवसांची दिवसांशी होती. पाच दिवसांत लोकसंख्या वाढत नाही आणि नवे रुग्णालयही उघडत नाही.

अमेरिकेतल्या युटा खोऱ्यात पोलादाचा एक मोठा कारखाना ऑगस्ट १९८६ पासून साधारण वर्षभर कामगार-तंट्यामुळे बंद होता. आर्डेन पोप या अर्थशास्त्रज्ञाने रुग्णालयांत दाखल झालेल्या मुलांच्या नोंदी पाहिल्या. कारखाना चालू असतानाच्या हिवाळ्यांत दमा आणि श्वासनलिकादाहासाठी दाखल होणाऱ्या मुलांची संख्या बंद हिवाळ्याच्या दोन ते तीन पट होती. पोप यांचा हा लेख १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला.

तिसरे उदाहरण तर एखाद्या गुप्तहेरकथेसारखे आहे. १९८१ ते १९८७ या काळात बार्सिलोना शहरात अधूनमधून एकाच दिवशी दम्याच्या रुग्णांची रुग्णालयांत झुंबड उडे. नेहमीच्या प्रदूषकांवर संशय घेऊन झाला, पण ताळा जमेना. मग संशोधकांनी तातडीच्या विभागाच्या नोंदी आणि बंदरातल्या जहाजांच्या नोंदी शेजारी ठेवल्या. उद्रेकाच्या प्रत्येक दिवशी बंदरात सोयाबीन उतरवले जात होते! एका कोठारावर धूळ अडवणारी गाळणीच नव्हती. पुढे रक्ताच्या तपासणीनेही दुजोरा दिला: उद्रेकात सापडलेल्या बहुतेक रुग्णांच्या रक्तात सोयाबीनविरुद्धची प्रतिद्रव्ये होती, इतर दमेकऱ्यांत ती मोजक्याच जणांत होती. गाळणी बसवली आणि उद्रेक थांबले. येथे नेहमीची नोंद आणि कारण सांगणारी तपासणी यांची जोडी जमली.

या तिन्ही गोष्टींत तीन खुणा समान आहेत. काळ नेमका आहे. हवेतला बदल आजाराबाहेरच्या कारणाने झाला आहे. आणि तुलना त्याच माणसांची त्यांच्याशीच आहे.

आपल्याकडे अशी संधी नव्हती का? कल्याणजवळ मोहने येथील नॅशनल रेयॉन कंपनी २००९ मध्ये बंद पडली. रेयॉनच्या प्रक्रियेत कार्बन डायसल्फाइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू बाहेर पडतात. म्हणजे युटासारखाच प्रसंग. पण सावध राहायला हवे. कारखाना बंद पडला की कामगारांची वर्गणी थांबते आणि काही काळाने राज्य कामगार विम्याच्या दवाखान्याचा हक्कही संपतो. तेथल्या केसपेपरांची संख्या घटेल ती फुफ्फुसे सुधारल्यामुळे नव्हे, तर पगार गेल्यामुळे. अशा वेळी कामगारांचे आकडे बाजूला ठेवून आसपासच्या गावांतल्या लहान मुलांच्या नोंदी पाहाव्या लागतील. आधारवाडीच्या कचराभूमीला वारंवार लागलेल्या आगींचेही तसेच. आगीच्या तारखा ठाऊक असतात, वाऱ्याची दिशा ठाऊक असते. त्या दिवसांचे रुग्ण आणि आधीच्या-नंतरच्या आठवड्यातल्या त्याच वारांचे रुग्ण यांची तुलना करायला नवे उपकरण लागत नाही.

काय बदलावे?

आरोग्याचे दहा गुण काढून टाकावेत असे आम्ही म्हणणार नाही. ते नीट द्यावेत. त्यासाठी चार साध्या सुधारणा पुरेशा आहेत. एक, केसपेपरावर रुग्णाचा प्रभाग किंवा पिनकोड, वय आणि तंबाखूची सवय यांची नोंद सक्तीची करावी. दोन, वर्षाच्या बेरजेऐवजी रोजची संख्या ठेवावी आणि ती हवेच्या रोजच्या निर्देशांकाशी जुळवावी. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राच्या कार्यक्रमात निवडक रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात अशी रोजची नोंद ठेवण्याची सुरुवात झाली आहे, ती योग्य दिशेने आहे. तीन, प्रत्येक वेळी एक ‘साक्षीदार आजार’ शेजारी ठेवावा. हाड मोडण्याचा हवेशी संबंध नाही. दम्याबरोबर हाडमोडीचे रुग्णही बारा टक्क्यांनी वाढले असतील, तर वाढले आहे ते रुग्णालय. चार, वाढीबरोबर दर हजारी पातळीलाही गुण असावेत.

महापालिका आयुक्तांना दर वर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरणाचा स्थितिदर्शक अहवाल सभागृहापुढे ठेवावा लागतो. तसे कायद्याचे बंधनच आहे. ही चार कलमे त्या अहवालात आली, तर त्यातल्या आरोग्याच्या आकड्यांना अर्थ येईल.

हा आग्रह कशासाठी, असे कोणी विचारील. कच्चा पुरावा दोन्ही बाजूंनी घात करतो. रहिवासी फुगलेला आकडा घेऊन न्यायालयात गेले तर समोरचा तज्ज्ञ दहा मिनिटांत तो फोडतो आणि त्याबरोबर त्यांची खरी तक्रारही फुटते. उलट शून्य गुण पडले की कारखानदार तो निर्दोषपणाचा दाखला म्हणून फडकवतो. दोन्ही वेळा ज्याची छाती भरून येते तो तसाच राहतो.

शाळेच्या उंबरठ्यावर

शिक्षकांचा या सगळ्याशी संबंध आपण समजतो त्याहून जवळचा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. या कार्यक्रमात वैद्यकीय पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येते आणि तपासायच्या आजारांच्या यादीत दम्याच्या जातीचा श्वासनलिकांचा विकारही आहे. येथे मूल आजारी पडले म्हणून तपासले जात नाही. पटावर आहे म्हणून तपासले जाते. म्हणजे अंश आणि छेद दोन्ही एकाच कागदावर! विनाअनुदानित खाजगी शाळांतली मुले त्यात नसतात, ही उणीव लक्षात ठेवूनही आपल्या भागातल्या नेहमीच्या नोंदींत ही सर्वांत सरळ नोंद आहे, असे आम्हाला वाटते. ते पथक येते तेव्हा ‘लवकर उरका’ म्हणण्याऐवजी प्रत्येक मुलाचा श्वास नीट ऐकला जातो ना, हे पाहणे आपल्या हाती आहे.

दुसरी नोंदवही तर आपण स्वतःच लिहितो. हजेरीपट. नववीच्या विद्यार्थ्यांकडून एका वर्षाची रोजची गैरहजर संख्या काढून घ्यावी. नावे नकोत, कारणे नकोत आणि कोणाचे वैद्यकीय कागद तर मुळीच मागू नयेत. शेजारच्या स्तंभात त्या दिवसाचा हवेचा निर्देशांक लिहावा. आलेख काढला की, बहुधा हिवाळ्यात दोन्ही रेषा चढलेल्या दिसतील आणि विद्यार्थी आनंदाने निष्कर्ष सांगतील. तेव्हा त्यांना थांबवावे. हिवाळ्यात जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली कोंडली जाते, म्हणून धूर साचतो. त्याच दिवसांत सर्दीचे विषाणूही फिरतात. मग कारण कोणते? सोमवारची गैरहजेरी वेगळी का? लोकल बंद पडली त्या दिवसाचे काय करायचे? फक्त जानेवारीतल्या मंगळवारांची आपसांत तुलना केली तर रेषा टिकते का?

असे प्रश्न विचारायला शिकलेला विद्यार्थी उद्या वर्तमानपत्रातले ते ठरलेले वाक्य वाचील तेव्हा ते धुडकावणार नाही आणि त्यावर विश्वासही ठेवणार नाही. तो विचारील: किती माणसांमागे, कोणत्या दिवसांत, कोणाशी तुलना करून? या भागातल्या हवेबद्दल ज्यांना खरोखर काही करायचे आहे, त्यांना या तीन प्रश्नांची उत्तरे आधी जमवावी लागतील.